दहाव्या मजल्यावरचं तळं

मामांनी एकेचाळीस वर्षं लिफ्ट चालवली. ऑफिसातल्या एका रिकामटेकड्या इंजिनिअरने एकदा कागदावर आकडेमोड करून सांगितलं होतं, की मामा आजवर जेवढे वर गेले तेवढे खाली न येता जात राहिले असते तर केव्हाच चंद्रावर पोचले असते, आणि परत यायला दोन मिनिटं उशीर झाला म्हणून साहेबांची बोलणीही खाऊन झाली असती. पण हे झालं उभ्या अंगाने. आडवं म्हणाल तर माणूस वीतभर सरकला नव्हता.

लिफ्ट जुनी होती. जाळीचा दरवाजा, पितळी दांडा, आणि कोपऱ्यात एक लाकडी स्टूल, ज्याला मामांच्या बैठकीने खळगा पडला होता. दांडा वेळेवर सोडला नाही तर लिफ्ट मजल्याच्या चार बोटं वर नाहीतर खाली थांबे आणि माणसं अडखळत. मामांच्या हातून तसं कधी झालं नाही. ते उंबऱ्याला उंबरा इतका अलगद लावत, की सकाळी डुलकी लागलेला एक कारकून जागा न होता पाचव्या मजल्यावर उतरला, सही केली, दिवसभर काम केलं आणि संध्याकाळी घरी जाऊन विचारू लागला, आज सुट्टी होती का म्हणून. हे मामा स्वतः सांगत. कारकून मात्र कधी कुणाला भेटला नाही.

मग ती लिफ्ट काढून बटणांची बसवली. आता एक बाई मजले पुकारते. बाई दिसत नाही, दमत नाही, तिला स्टूल लागत नाही. मामांना निरोप दिला आणि निरोपाला दिले बूट. चालायचे. ज्याने सारा जन्म बसून काढला त्याला चालायचे बूट द्यायची कल्पना कुणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मामांनी खोका कपाटावर टाकला आणि खाटेवर पडले. काम होतं तोवर थकवा जाळीच्या दाराबाहेर शहाण्यासारखा उभा असावा, आणि दार कायमचं उघडं राहिल्यावर आत येऊन बसला असावा, तसं झालं. सकाळी उठल्या उठल्याच त्यांना झोपायची वेळ झाल्यासारखं वाटे.

घर तळमजल्यावर. दोन खोल्या आणि एक खिडकी. खिडकीसमोर तीन हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत, भिंतीवर एक सांडपाण्याचा पाइप. लग्न होऊन आलेल्या मामींनी पहिल्या दिवशी खिडकी उघडली, पाइप पाहिला आणि हळूच लावून घेतली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, मामा चहा पीत असताना, त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही रोज दहाव्या मजल्यावर जाता. वरून काय दिसतं हो?"

आता खरं सांगायचं तर दहाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की समोर एक तपकिरी कपाट दिसे आणि त्याच्या शेजारी आगीसाठी ठेवलेली वाळूची बादली. बोळाच्या टोकाला खिडकी होती म्हणतात. पण लिफ्टमनने लिफ्ट सोडून बाहेर पाऊल टाकायचं नाही असा नियम होता, आणि मामांनी बाकी कशात नाही तरी नियमात कधी कसूर केली नाही. पण लग्नाच्या तिसऱ्या दिवशी नव्या बायकोला कपाट आणि बादली सांगायची?

"तळं," मामा म्हणाले.

"अगंबाई! मोठं?"

"चांगलं मोठं. एक होडी पण आहे."

एवढीच ती थाप. पण थापेचं रोपट्यासारखं असतं, रोज पाणी घातलं की ती हाताबाहेर जाते. मामी लॉन्ड्रीत इस्त्री करायला जात. दिवसभर उभ्याने लोकांचे सहलीचे कपडे कडक करून देत आणि संध्याकाळी पाय बादलीत सोडून विचारत, "आज काय तळ्यावर?" मग एका होडीच्या तीन झाल्या. मुलगी झाली त्या वर्षी मधोमध बेट आलं, बेटावर एकच झाड. मुलीला गोवर निघाला तेव्हा तीन आठवडे तिला अंथरुणात धरून ठेवायला मामांनी लाल सदऱ्याचा नावाडी आणला. तो दर गुरुवारी पाण्यात पडे, कारण गुरुवारी तो शीळ घाली आणि शीळ घालताना त्याचा तोल जाई. मुलगी तापातही हसे. एका वर्षी मात्र मामांची दाढ इतकी ठणकत होती की बोलवेना. "तळं आटलं," एवढंच म्हणून ते पालथे झोपले. मामींनी असा धसका घेतला, की मामांना तिसऱ्या दिवशी सुजलेल्या गालाने उठून तळं पुन्हा भरावं लागलं.

जेवणाच्या सुट्टीत जिन्याने वर जाऊन खिडकीबाहेर बघायला काय झालं होतं, असं कुणीही विचारील. सुरुवातीला मामांना आळस होता. पुढे भीती वाटू लागली. वरून तळं दिसलं नाही तर संध्याकाळी घरी जाऊन सांगायचं काय? न बघितलेलं तळं बरं. ते कुणी बुजवू शकत नाही.

मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दूर गेली. मामींनी इस्त्री खाली ठेवली. आणि नेमकी त्याच सुमारास गावामागच्या टेकडीची वाट उघडली. टेकडीवर पाण्याची टाकी, म्हणून इतकी वर्षं भोवती काटेरी कुंपण होतं. ते काढलं, पायवाट आखली, वर बाक टाकला. दहा वळणांची वाट. टेकडीची उंची मामांच्या ऑफिसाएवढीच, असं सगळे म्हणत.

"मग काय," मामींनी कपाटावरचा खोका काढून बुटांवरची धूळ पुसली. "आता मला तळं दाखवा."

 लिफ्टचा दोर तुटला असता तरी मामा एवढे दचकले नसते.

तेव्हापासून सहा महिने ते चालढकल करत होते. एक दिवस बूट चावला, दुसऱ्या दिवशी वारा होता, तिसऱ्या दिवशी हवा धुरकट. "आज वर जाऊन उपयोग नाही, तळं दिसायचं नाही." मग दोघं टेकडीच्या पायथ्याने सपाट वाटेवर फिरून येत. तेही काही वाईट नव्हतं. गवताची कुसळं मोज्यांत अडकत, ती बाकावर बसून एकेक काढायची. एक संत्रं सोलून निम्मं निम्मं खायचं. झुडपात एक पांढऱ्या गळ्याचा पक्षी येई, त्याची कॉलर इतकी कडक की मामींनी त्याचं नाव इस्त्रीवाला ठेवलं होतं. मामी प्रत्येक गोष्टीपाशी थांबत. मामा प्रत्येक बाकापाशी थांबत. एका बाकावरून उठून दुसऱ्या बाकाकडे जायचं म्हणजे त्यांना बदली झाल्यासारखं वाटे.

पण त्या सकाळी हवा धुतल्या काचेसारखी होती. मामींनी डबा भरला होता. दोन उकडलेली अंडी, पाव, संत्रं, पाण्याची बाटली.

"आज वर."

"अगं, माझा गुडघा..."

"कोणता?"

मामांनी क्षणभर विचार केला. "डावा."

"काल उजवा होता. चला."

पहिल्या वळणावरच धाप लागली. चढणं म्हणजे दांडा ओढणं नव्हे, हे एकेचाळीस वर्षांनी पायांना कळत होतं. धाप लपवायला मामा सवयीने पुकारू लागले. "पहिला मजला. चौकशी." दुसऱ्या वळणावर, "दुसरा. टपाल." तिसऱ्यावर, "तिसरा, नकाशे. सांभाळून उतरा."

"उतरायचं कुठलं," मामी मागून म्हणाल्या. "चढा गुमान."

पाचव्या वळणावर वरून दातांचे डॉक्टर उतरताना भेटले. हेही निवृत्त. पण त्यांनी निवृत्ती अशी अंगावर घेतली होती, की जणू कुणी पाठी लागलंय. सत्तरीचा माणूस, आखूड चड्डी, मनगटावर घड्याळ, रोज तीनदा टेकडी.

"श्वास नाकाने, मामा! तोंड मिटा!"

"तुम्हीच जन्मभर आ करा म्हणालात," मामा धापत म्हणाले.

मामींनी पदराने कपाळ पुसलं. "डॉक्टर, वरून तळं छान दिसतं ना हो?"

मामांचं काळीज पार तळमजल्यावर गेलं. डॉक्टर जागच्या जागी पाय आपटत राहिले.

"तळं? कल्पना नाही बुवा. वर पोचलो की मी नाडी मोजतो. मोजून झाली की खाली." आणि ते गेलेसुद्धा.

"काय माणूस आहे," मामी म्हणाल्या. "रोज तीनदा जातो आणि बघत नाही."

 असा माणूस मामांना अगदी जवळून ठाऊक होता.

सातव्या वळणावर मामी एका सपाट दगडावर बसल्या आणि उठेनात. चेहरा लाल, पोटरीत गोळा. मामांनी खाली बसून पोटरी चोळली. मग दोघांनी अंडी खाल्ली.

"सातवा मजला," मामा म्हणाले. "कॅन्टीन."

मामी हसल्या, पण थकून. "माझ्याच्याने नाही व्हायचं आज. तुम्ही जाऊन या. तीनच तर राहिलीत. या आणि सांगा मला, नेहमीसारखं."

सुटलो, असं मामांना वाटायला हवं होतं. वर जायचं, दहा मिनिटं बसायचं, खाली येऊन तीन होड्या सांगायच्या. नावाड्यालाही बरेच दिवसांत पाण्यात पाडलं नव्हतं. काम हातखंडा होतं. पण आठव्या वळणावर एकटं उभं राहिल्यावर त्यांना वाटलं, इथूनच मागे फिरावं, वर जायचीही गरज नाही. मग वाटलं, नको. निदान आज तरी दाराबाहेर पाऊल टाकू.

दहाव्या वळणानंतर वाट संपली. पाठीशी टाकीची मोठी गोल भिंत, पुढे बाक. मामा भिंतीला पाठ लावून, दोन्ही पाय जुळवून उभे राहिले. लिफ्टमध्ये गर्दी झाली की तसे ते एकेचाळीस वर्षं उभे राहत आले होते. आणि त्यांनी समोर पाहिलं.

पत्रे. पत्र्यांवर टायर ठेवलेले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. काळ्या टाक्या, पिवळ्या ताडपत्र्या, लॉन्ड्रीचं धुराडं. त्यापलीकडे त्यांचं ऑफिस, जुनाट दातासारखं, दहाव्या मजल्याची एक खिडकी उन्हात चमकत असलेली. ती खिडकी त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली, तीही बाहेरून. आपल्या इमारतीची गच्ची सापडायला वेळ लागला. दोरीवर मामींनी सकाळी घातलेली निळी चादर होती. नखाएवढी. त्याखेरीज निळं काही नव्हतं.

मामा बाकावर बसले. नावाड्याला हाक मारून पाहिली, तो येईना. माणसं समजतात थाप मारायला नुसती जीभ लागते. खोटं. थापेलाही अंगात रग लागते, आणि मामांची सगळी रग दहा वळणांवर थोडी थोडी सांडली होती. दुमजली थाप तर राहोच, साधी तळमजल्याची जमेना.

ते खाली आले तेव्हा मामी दगडावर सरसावून बसल्या होत्या. संत्रं सोलून ठेवलं होतं, निम्मं निम्मं.

"सांगा."

मामा शेजारी बसले. संत्र्याकडे बघत म्हणाले, "पत्रे आहेत."

"आणि?"

"टाक्या आहेत. तुझी चादर दिसते."

"आणि तळं?"

"नाही."

"आटलं?"

"नव्हतंच." मामांनी मान वर केली नाही. "मी कधी बघितलंच नाही गं. दार उघडलं की समोर कपाट. बाहेर पडायचा नियम नव्हता. तू विचारलंस आणि मी म्हणून बसलो. मग ते वाढतच गेलं."

 झुडपात इस्त्रीवाला दोनदा ओरडला, त्याच्याकडेही मामींनी बघितलं नाही.

"ते तळं आटलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या, "तेव्हा दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. ते काय होतं?"

"दाढ," मामा पुटपुटले.

"दाढ! आणि मी त्या शेजारच्या शिंपिणीशी भांडले. ती म्हणाली, वहिनी, इथे कुठलं आलंय तळं. मी म्हटलं, आपण तळमजल्यावरच्या, आपल्याला इथून काय दिसणार. अहो, तीन महिने बोलत नव्हतो आम्ही! लेकीने शाळेच्या वहीत तो मेला नावाडी काढला, बाईंना सांगितलं, माझे बाबा रोज बघतात."

"चुकलं माझं."

"चुकलं काय चुकलं? हसण्यावारी नेऊ नका." मामींचा आवाज एकदम खाली आला. "मला खिडकी नव्हती हो. तेवढी एकच होती. दिवसभर त्या वाफेत उभी राहायचे ना, तेव्हा मनाने तिकडे जाऊन बसायचे मी. बेटावर. त्या झाडाखाली."

 संत्र्याची फोड मामांच्या हातात तशीच राहिली, तिला एक मुंगी लागली.

मामी उठल्या. पोटरी झटकली. पदर खोचला.

"अगं, कुठे?"

"वर."

"तुला झेपायचं नाही. गुडघे..."

"रागाला गुडघे नसतात," मामी म्हणाल्या. "तुम्ही बसा इथे. मी बघून येते आणि तुम्हाला सांगते. कळू दे तरी, खाली बसून वाट बघायची म्हणजे काय असतं ते."

आणि त्या गेल्या. आठव्या वळणावर त्यांची पाठ दिसली, नवव्यावर नुसता पदर, मग काही नाही.

मामा बसून राहिले. बसण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, पण हे बसणं वेगळं होतं. स्टुलावर बसलं की घंटा वाजे, कुणीतरी कुठल्यातरी मजल्यावर आपल्यासाठी उभं आहे हे कळे. इथे घंटा नव्हती. ऊन दगडावरून सरकून त्यांच्या बुटांवर आलं. मुंग्यांनी संत्र्याची एक पूर्ण फोड उचलून नेली, आणि वाटेत दोनदा थांबून दम खाल्ला, असं मामांनी पुढे कितीतरी लोकांना शपथेवर सांगितलं. डॉक्टर दुसऱ्या फेरीला वर गेले. "नाकाने!" म्हणून ओरडले. थोड्या वेळाने परत उतरले.

"आमची ही दिसली का वर?"

"एकशे अठरा," डॉक्टर म्हणाले. ती त्यांची नाडी होती.

एवढा वेळ लागतो कशाला? पत्रे बघायला किती वेळ लागतो? पोटरीत पुन्हा गोळा आला असेल. पडली असेल. मामा उठले, दोन पावलं चढले, दम पुरेना म्हणून पुन्हा बसले. इतकी वर्षं ही बाई रोज संध्याकाळी अशी बसत होती, आणि आपण येऊन तिच्या ओंजळीत कपाट आणि बादलीसुद्धा टाकली नाही. टाकलं ते हवेतलं पाणी.

शेवटी वरून पावलं वाजली. मामी आल्या त्या रमतगमत, एका हाताने झुडपांना धरत. चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला होता. येऊन दगडावर बसल्या, बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायल्या.

"बरीच आहे वाट," एवढंच म्हणाल्या.

"पत्रे बघितलेस?"

"बघितले. चादरीचा एक चिमटा निघालाय. जाऊन लावायला हवा."

मामा वाट बघत राहिले. मामींनी तोंड पुसलं, बाटलीचं झाकण लावलं, डब्याचं झाकण लावलं.

"तुम्ही टाकीला वळसा नाही घातलात ना?" त्यांनी सहज विचारलं.

"वळसा?"

"मला वाटलंच. भिंतीला पाठ लावून समोर बघितलं असेल. तुमच्या लिफ्टला एकाच बाजूने दार, मागे काही असतं हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार." त्या उठल्या. "मागच्या बाजूला आहे तळं."

मामांचा जबडा खाली गेला. डॉक्टरांनी खुशाल आत हात घालून दाढ काढली असती.

"तळं आहे?"

"तुम्ही म्हणत होता तेवढं मोठं नाही. होड्या तीन. त्यातली एक काठावर पालथी घातलीय. बेटावर झाडं दोन आहेत, एक नाही. दुसरं पुढे उगवलं असेल."

"आणि... नावाडी?"

"आज काय गुरुवार आहे?" मामी म्हणाल्या.

मामांनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. डोळ्यांत काही लकाकतंय का, ओठाचा कोपरा हलतोय का. मजल्यावर उभ्या माणसाचा चेहरा बघून त्याला वर जायचंय की खाली ते ओळखणारे मामा, पण ह्या चेहऱ्यावर काही वाचता येईना. इस्त्री फिरवल्यासारखा साफ होता.

"खरंच?" त्यांनी विचारलं.

मामींनी डब्याची पिशवी त्यांच्या खांद्याला अडकवली.

"मी इतक्या वर्षांत एकदा तरी विचारलं का तुम्हाला, खरंच म्हणून?"

मामांनी वर पाहिलं. तीनच वळणं. टाकीला वळसा घालायचा, बघायचं, झालं. पण पाय दगडाला चिकटल्यासारखे झाले होते. आज ती तीन वळणं त्यांना चंद्राइतकी लांब होती.

"उद्या बघतो," ते म्हणाले. "इथून पुढे फक्त तीन तर आहेत."

"उद्या दहा असतील," मामी म्हणाल्या. "सोडलं तिथे थांबायला पाय म्हणजे काही लिफ्ट नव्हे. चला, चादर उडेल."

दोघं उतरू लागली. सहाव्या वळणावर मामा सवयीने पुकारायला गेले, पण दम नव्हता. तेव्हा मामींनीच पुकारलं, "सहावा मजला."

"सहाव्यावर काय होतं हो?" दोन पावलं पुढे जाऊन त्यांनी विचारलं.

मामा थांबले. सहाव्यावर काय होतं? दार उघडलं की समोर एक कुंडी होती. कुंडीत काही नव्हतं.

"एक कुंडी होती," मामा म्हणाले. "रिकामी."

"बरं," मामी म्हणाल्या, आणि त्यांना हात दिला.